कॉम्प्रेसरच्या आट्यांतून गळणारी हवा



आपल्या या पत्रिकेत लागण, खोडवा, पाचट, ठिबक यांवर नेहमीच लिहून येते. वर्कशॉप खात्याने लेखणी हाती घेण्याचा प्रसंग क्वचितच. पण अलीकडे गावोगाव हवेचे कॉम्प्रेसर फार झाले आहेत. कुणाच्या मुलाने रस्त्याला टायर-पंक्चरचे दुकान टाकले आहे, कुणी ट्रॉल्या रंगवतो, कुणाचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम आहे, तर ऊसतोडणी यंत्र घेतलेल्या मंडळींना एअर फिल्टर झटकायला रोज हवा लागते. ही मंडळी कारखान्यावर आली की वर्कशॉपच्या दारात एकच गाऱ्हाणे असते : "साहेब, टेपची अख्खी रिळं संपली, पण जोड फुसफुसायचा काही थांबत नाही. करावं तरी काय?"

याचे उत्तर थोडक्यात असे की, गळती टेप थांबवीत नाही आणि जोरही थांबवीत नाही. जोड कोणत्या जातीचा आहे हे आधी ओळखावे लागते. काही जोड आट्यांवर हवा अडवतात, काही वॉशरवर अडवतात, तर काही नुसत्या घासून बसलेल्या दोन धातूंच्या तोंडावर. पहिल्या जातीलाच टेप उपयोगी. बाकी दोघांना ती कितीही गुंडाळा, पालथ्या घड्यावर पाणी.

पण त्याआधी पैशाचे बोलू. "हवाच गळते ना, हवेला कुठं पैसे पडतात?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. हवेला पडत नाहीत, दाबाला पडतात. ७ किलो दाबाच्या लाइनीला एक मिलिमीटरचे, म्हणजे दाभणाच्या टोकाएवढे भोक असेल, तर त्यातून मिनिटाला साधारण ५० ते ७० लिटर हवा जाते. दोन हॉर्सपॉवरचा लहान कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे २०० लिटर हवा देतो. म्हणजे अशा एका भोकाने त्याची चतुर्थांशाहून अधिक कमाई खाल्ली. आणि भोक तीन मिलिमीटरचे झाले की गळती तिप्पट नव्हे, नऊपट होते. मग तो कॉम्प्रेसर दिवसभर ढणाणा चालला तरी टाकी भरत नाही, आणि मालक म्हणतो रिंगा गेल्या.

कारखान्यात हाच हिशेब मोठा होतो. सेंट्रिफ्युगल मशीनचे व्हॉल्व्ह, पॅनवरील व्हॉल्व्ह, बॉयलरचे फीडचे पाणी कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह, ही सारी हवेवर हलतात. लाइनीत एक मिलिमीटरचे एकच भोक गळीत हंगामाचे १५० दिवस रात्रंदिवस गळत राहिले, तर अदमासे १,४०० युनिट वीज गेली समजा. असे जोड शेकड्यांनी असतात. ज्या कारखान्यात सहवीजनिर्मिती आहे तेथे हीच युनिटे विकता आली असती. शिवाय हवा पुरेना म्हणून कुणीतरी प्रेशर स्विच एक किलोने चढवतो. त्या एका किलोपायी वीज आणखी सहा-सात टक्के जास्त लागते आणि आहेत ते जोड अधिकच जोरात गळतात.

आपली गळती किती, हे घड्याळ लावून घरच्या घरी काढता येते. टाकी पूर्ण भरून द्या, मोटार बंद करा, थोडी निवू द्या आणि बाहेरचा कॉक उघडा ठेवून पुढची सर्व हत्यारे बंद ठेवा. समजा टाकी १६० लिटरची आहे आणि दहा मिनिटांत काटा ८ किलोवरून ६ वर आला. १६० गुणिले २, म्हणजे ३२० लिटर हवा गेली. भागिले १०, म्हणजे मिनिटाला ३२ लिटर. आता तोच कॉक बंद करून पुन्हा पाहा. काटा जागेवर राहिला तर चोर होजपाइपात व लाइनीत आहे, नाही राहिला तर टाकीपाशीच आहे. निम्मे काम येथेच होते.

पाण्याचा जोड आणि हवेचा जोड

आपल्याकडील बहुतेक फिटरमंडळी पाण्याच्या पाइपलाइनीवर तयार झालेली. त्यांचा हात चांगला असतो, पण सवय पाण्याची असते. पाण्याचा जोड पहिल्या दिवशी थोडा पाझरला तरी चार दिवसांत गंज व क्षार साचून आपोआप भरून येतो. त्यात सुतळी घातलेली असेल तर ती पाण्याने फुगते आणि फट घट्ट बुजते. हवेच्या लाइनीत हे घडत नाही. तेथे फुगायला भरवशाचे पाणी नाही, उलट वाळलेली सुतळी आकसते. हवा ही पाण्याच्या मानाने पन्नासपट पातळ, म्हणजे वाहायला सोपी. जिथून पाण्याचा थेंब निघत नाही तिथून हवा सुखाने निघते. त्यात कॉम्प्रेसर थरथरतो. सुतळीवर लावलेला सफेदा वाळून कडक झाला की थरथरीने त्याला तडे जातात, आणि जोड पुन्हा बोलू लागतो.

सुतळी-सफेदा अगदीच टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. मोठ्या, न हलणाऱ्या लाइनीवर, हात बसलेल्या माणसाने केलेला असा जोड वर्षानुवर्षे टिकलेला आम्ही पाहिला आहे. मात्र जुना खरा सफेदा हा शिशाचा असे, आणि शिसे विषारी. त्या हाताने भाकरी खाऊ नये.

आटे का गळतात

पाइपाच्या टोकाचे आटे नीट पाहिले तर ते सरळ नसतात, टोकाकडे किंचित निमुळते असतात. १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. त्यामुळे पाइप सॉकेटात जसजसा फिरतो तसतसा पाचरीसारखा दाटत जातो. आपल्याकडील पाइपांचे आटे ५५ अंशांचे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सुचविलेल्या आट्यांच्या घराण्यातले हे आटे आहेत. भारतीय मानक ५५४ त्यांच्यासाठीच आहे. पाचर कितीही दाटली तरी एका आट्याचा शेंडा व दुसऱ्याची खाच यांत बारीक जागा उरतेच. ती जागा आट्याबरोबर गोल गोल फिरत आतून थेट बाहेर येते, गोगलगाईच्या शंखासारखी. हवा त्या जिन्याने उतरते. टेप असो, सुतळी असो, पातळ सीलंट असो, त्याचे काम हा जिना बुजवण्याचे आहे. पकड धरण्याचे काम धातूनेच करायचे असते.

म्हणून आटेच वाईट असले तर टेप काही करू शकत नाही. डाय बोथट झाली, किंवा तेल न घालता आटे पाडले, की ते फाटके निघतात. दुसरी चूक याहून जास्त आढळते : "आटे थोडे लांब असू द्या, चांगले आत जातील" म्हणून डाय पुढे पुढे चालवतात. पाइपाचे टोक डायच्या तोंडाशी आले की थांबायचे असते. पुढे गेले की टोकाकडचा निमुळतेपणाच जातो आणि पाचरीचा खुंटा होतो. हा पाइप सॉकेटात हाताने सबंध फिरत आत जातो आणि कधीच दाटत नाही. असे टोक कापून नवे आटे पाडावेत; त्यावर टेप थापणे व्यर्थ.

परदेशी बनावटीच्या यंत्रांवर आणखी एक घोटाळा असतो. अमेरिकन पाइपाचे आटे ६० अंशांचे असतात. पाव इंची, म्हणजे आपल्या भाषेत दोन सुती, फिटिंगमध्ये आपले आटे इंचाला १९ आणि त्यांचे १८, म्हणून दोन-तीन फेऱ्यांत ते अडकते आणि काहीतरी चुकते आहे हे कळते. पण अर्धा इंची व पाऊण इंची मापात दोघांचेही इंचाला १४. ते एकमेकांत छान बसल्यासारखे वाटतात, घट्टही होतात आणि गळत राहतात. बाहेरून आलेल्या यंत्राचा अर्धा इंची जोड काही केल्या ऐकत नसेल, तर आधी हा संशय घ्यावा आणि त्याच जातीचे फिटिंग किंवा दोन्हींना जोडणारा अॅडाप्टर आणावा.

टेप कशी लावावी

पांढरी टेप ही टेफ्लॉनची. हा पदार्थ १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना रेफ्रिजरेटरच्या वायूंवर काम करताना अवचित सापडला. त्याचा मोठा गुण निसरडेपणा, आणि जोडाच्या कामी तोच त्याचा अवगुणही आहे, तो कसा ते पुढे सांगतो.

जुनी टेप व जुना सफेदा तारेच्या ब्रशाने पूर्ण काढावा. त्यावरच नवी टेप गुंडाळण्याची घाई सर्वत्र दिसते. तेल असेल तर पुसून घ्यावे. सुतळीसाठी करवतीच्या पात्याने आटे खरवडण्याची जुनी रीत आहे. टेपसाठी तसे करू नये, टेप फाटते. पाइपाचे टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताणून, आट्यांत रुतेल अशी टेप गुंडाळावी. उलट गुंडाळली तर फिटिंग फिरवताना ती सुटून गोळा होते. टेप पातळ असेल तर तीन-चार वेढे पुरेत. टोकाचा पहिला आटा, जमल्यास दोन, मोकळे सोडावेत. हे लोकांना क्षुल्लक वाटते. पण टोकावरून लोंबणारी टेप तुटून हवेबरोबर पुढे जाते आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या सुईएवढ्या भोकात अडकते. कारखान्यात एखादा व्हॉल्व्ह ऐन गाळपात हट्टाला पेटतो, तो उघडून पाहावा तर आत पांढरी चिंधी! म्हणून नियंत्रणाच्या लहान नळ्यांवर आम्ही टेप शक्यतो वापरीत नाही.

तेथे पातळ सीलंट बरे. बाटलीतून निघणारे हे औषध हवेत ओलेच राहते आणि धातूच्या आट्यांत, जिथे हवा पोचत नाही तिथे घट्ट होते. तेही पहिला आटा सोडून लावावे आणि डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा. घाईने लगेच प्रेशर सोडले की ते आतूनच फुंकले जाते. प्लास्टिकच्या फिटिंगला हे औषध लावू नये. ते तेथे वाळत नाही आणि काही प्लास्टिकांना तडे पाडते.

आता निसरडेपणाची गोष्ट. टेप लावलेले फिटिंग फार सहज फिरते. हाताला जोर लागत नाही म्हणून माणूस आणखी एक फेरा, आणखी एक फेरा करीत जातो. पाइप ही पाचर आहे हे तो विसरतो. पितळी कॉक, बिडाचा टी, अॅल्युमिनियमचा रेग्युलेटर यांची मान अशा वेळी केसासारखी चिरते, आणि ती चीर टेपच्या आड लपते. लहान मापात हाताने दाटल्यानंतर पान्याने दीड ते अडीच फेरे, एवढे पुरे. दोन फुटी पाइप पाना दोन सुती निपलला लावूच नये. लांब पाना हाती असला की माणूस लांब जोर लावतो.

एल्बोचे तोंड हवे त्या दिशेला आणताना पुढेच फिरवावे. थोडे जास्त गेले म्हणून मागे आणले की टेपचा थर तुटतो आणि तो जोड गेलाच. उघडून पुसून पुन्हा करावा. सुतळीचा जोड एवढा मागे आलेला सोसतो, टेपचा सोसत नाही.

जिथे टेपचे काम नाही

कॉम्प्रेसरच्या हेडपासून टाकीकडे जाणारी तांब्याची नळी पाहा. तिचे टोक फुलवलेले असते किंवा तिच्यावर पितळी फेरूल असते, आणि नट त्याला दाबून धरतो. येथे हवा अडते ती त्या फुललेल्या तोंडावर किंवा फेरूलवर. नटाचे आटे फक्त ओढून धरतात. तरीही त्यावर टेप लावलेली आम्ही शंभरदा पाहिली आहे. टेपमुळे उलट नट अडखळतो आणि तोंड पूर्ण दाबले जात नाही. तोंड खरडलेले असेल तर नळी कापून नव्याने फुलवावी, फेरूल बदलावे. शिवाय लहान पिस्टन कॉम्प्रेसरच्या हेडातून निघणारी हवा दीडशे अंशांवरही जाते. तेथे सुतळी करपते.

प्रेशर गेजचेही तसेच. पुष्कळ गेजचे आटे सरळ असतात, निमुळते नसतात. आट्यांवर पोलादी पट्टी उभी धरून पाहा. दोन्ही टोकांना सारखी टेकली तर आटे सरळ. सरळ आट्यांच्या गेजला तळाशी तांब्याचा किंवा फायबरचा वॉशर हवा. वीस वेढे टेपने तो जोड दोन दिवस गप्प बसतो आणि तिसऱ्या दिवशी बोलतो. युनियनच्या मोठ्या नटाखालीही टेप नको. तिथे दोन तोंडे स्वच्छ आहेत ना आणि दोन्ही पाइप एका रेषेत आहेत ना, एवढेच पाहावे.

आणखी एक फसवी गळती. मोटार बंद झाल्यावर प्रेशर स्विचच्या बाजूच्या बारीक भोकातून क्षणभर फुस्स आवाज येतो, तो यायचाच असतो. पण तो थांबतच नसेल तर दोष टाकीच्या तोंडाशी असलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा आहे. त्यात कचरा अडकून टाकीतली हवा मागे येते. असे असता लोक स्विचचे जोड खोलून टेप लावतात, काही तर त्या भोकात काडी ठोकतात. भोक बुजवले की पुढच्या वेळी मोटार दाबावरच सुरू व्हायला बघते आणि जळते.

गळती शोधायला साबणाचा दाट फेस आणि जुना दाढीचा ब्रश याहून चांगले हत्यार नाही. प्रत्येक जोडावर सगळीकडून लावावा आणि पाचसहा सेकंद पाहावे. हात किंवा गाल जवळ नेऊन हवा तपासू नये. बारीक भोकातील जोराची हवा कातडीत शिरू शकते, डोळ्याला तर फारच वाईट. सापडलेल्या ठिकाणी खडूची खूण करावी आणि मगच पाना घ्यावा.

आणि पाना घेण्यापूर्वी मोटारीचे कनेक्शन तोडावे. नुसते बटण बंद करून भागत नाही. टाकीचा खालचा कॉक उघडून काटा शून्यावर आणावा, आणि काट्यावर विश्वास न ठेवता कॉकमधून हवा यायची थांबली की नाही ते ऐकावे. "जरासं आवळायचं तर आहे," म्हणून दाबाखालील जोडाला पाना लावणारे रोज दिसतात. चिरलेला निपल नेमका त्या वेळी तुटतो.

याच ओघात एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ठिबकच्या किंवा विहिरीच्या लाइनीचा उरलेला पीव्हीसी पाइप भिंतीवरून नेऊन कॉम्प्रेसरची लाइन केलेली आम्ही काही दुकानांत पाहिली. जोड गळत नाहीत, गंज नाही, खर्च नाही, म्हणून मालक खूश असतो. पाइपावर लिहिलेला दाब पाण्याचा असतो. पाण्याने पाइप फुटला तर भिजण्यावर भागते, कारण पाणी दाबले जात नाही. ७ किलोला दाबलेली एक लिटर हवा सुटली की आठ लिटर होते, आणि उन्हाने कडक झालेला पीव्हीसी फाटत नाही, काचेसारखे तुकडे होऊन उडतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याने, ओशाने, १९८८ सालीच जमिनीवरील पीव्हीसी पाइपातून दाबाची हवा नेण्याविरुद्ध लेखी इशारा दिला होता. ज्याच्या दुकानात अशी लाइन असेल त्याने ती आजच उतरवून लोखंडी पाइप किंवा हवेसाठीच असलेला होज टाकावा. लाइन बदलेपर्यंत दुकान बंद राहिले तरी चालेल.

जोड बरोबर केला आणि तरी दोन महिन्यांत पुन्हा गळू लागला, तर थरथर पाहावी. कॉम्प्रेसरचे पाय ढिले असतात, किंवा टाकीच्या एका निपलवर चार फूट पाइप, फिल्टर आणि रेग्युलेटर असा सगळा संसार लोंबत असतो. वजन भिंतीच्या क्लॅम्पवर घ्यावे आणि कॉम्प्रेसर व लाइन यांच्यामध्ये हात-दोन हात रबरी होज घालावा. मग टेपचा जोडही टिकतो.

राहता राहिली टाकी. रोज संध्याकाळी तिच्या तळाचे पाणी सोडले नाही तर ती आतून गंजते, आणि एके दिवशी तळाच्या पत्र्यातून बारीक फेस येतो. ही गळती आट्यांची नव्हे. तिला एम-सील लावून, किंवा वर डाग देऊन भागवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. एक भोक दिसले तेथे आजूबाजूचा पत्राही कागद झालेला असतो. कारखान्यातील दाबाच्या टाक्यांची ठरल्यावेळी तपासणी होते. गावातील दुकानाची टाकी तपासायला कोणी येत नाही, ती मालकानेच पाहायची. तळातून फेस आलेली टाकी हवा काढून भंगारात तोलून द्यावी, आणि देण्यापूर्वी तिला अंगठ्याएवढे आरपार भोक पाडावे, म्हणजे रंग लावून ती दुसऱ्या कुणाच्या दुकानात उभी राहणार नाही.